चौघांपैकी कुणाला फोन करायचा?

प्रति,
आमच्या प्रभागाचे चारही सन्माननीय नगरसेवक,
पुणे महानगरपालिका

स.न.वि.वि.

पत्र चौघांना मिळून एकच लिहीत आहोत. वेगवेगळं लिहिलं की काय होतं ते पाहून झालंय. दिव्याची तक्रार प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांपैकी 'अ' जागेवरच्या ताईंकडे नेली तर त्या म्हणतात, तो रस्ता 'ड'वाले दादा बघतात. दादांचा फोन त्यांचा कार्यकर्ता उचलतो आणि सांगतो, त्या बाजूला आपल्याला लीडच नव्हता, तिकडचं ताईंनाच विचारा. 'ब' आणि 'क' लग्नाला आणि दहाव्याला न चुकता येतात, त्याबद्दल आभार. प्रभाग क्रमांक मुद्दामच लिहिलेला नाही. शहरातल्या 41 पैकी कुठलाही घाला, पत्रात फारसा फरक करावा लागणार नाही.

विषय गाड्यांच्या तोडफोडीचा आणि कोयतेवाल्या पोरांचा आहे. एवढं वाचून तुम्ही म्हणाल, हा पोलिसांचा विषय. त्या दिवशी सकाळीही तुम्ही तेच म्हणालात, म्हणून तर पत्र लिहायला घेतलं.

काय झालं ते एकदा लिहून ठेवतो, कारण बातमी दोन ओळींची आली. रात्री अडीचच्या सुमारास दोन गाड्यांवर ट्रिपल सीट पोरं आली. तोंडाला रुमाल, हातात कोयते. कुणाशी वैर असल्याचं अजून तरी कळलेलं नाही. रस्त्याकडेला जी गाडी दिसेल तिच्यावर वार करत गेली. 'आम्हीच इथले भाई' ही आरोळी चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आली. दहा-बारा गाड्या फुटल्या. चारचाकीवाल्यांचं निदान विम्यावर भागेल. मागच्या चाळीतल्या रिक्षावाल्या काकांचं कशावर भागणार? हुड वरपासून खालपर्यंत उभा फाडलेला, पुढच्या काचेचा चुरा, सीटमधला स्पंज रस्त्यावर. विमा थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा रुपयाही मिळायचा नाही. पंचनामा होईपर्यंत गाडी हलवू नका असं सांगितलं आणि पंचनामा झाला दुपारी. पुढे हुड शिवून येईपर्यंत शाळेच्या मुलांच्या पालकांनी दुसरा रिक्षावाला बघितला. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला गेला. काका तक्रारीत नाव द्यायलाही तयार नव्हते. 'मला रोज इथूनच जायचंय,' एवढंच म्हणाले.

सकाळी नऊपर्यंत तुमच्यापैकी दोघं आलात. एकाच पक्षाचे, पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे फोटोग्राफर घेऊन. पोलीस ठाण्यात दोन वेगवेगळी निवेदनं गेली, मजकूर मात्र एकच: 'दोषींवर कठोर कारवाई करण्यात यावी.' संध्याकाळपर्यंत ते फोटो आम्हा सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर होते.

दोन दिवसांनी पोरं सापडली. बहुतेक सगळी अठराच्या आतली, पोलिसांच्या कागदावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. त्यांतल्या एकाला आम्ही सगळेच ओळखतो आणि तुम्हीही ओळखता. चौकातल्या डीपीजवळ तेव्हा एक वाढदिवसाचा फ्लेक्स लटकत होता. वर नेत्यांची रांग, मधोमध उत्सवमूर्ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फोन कानाला लावून, आणि खाली शुभेच्छुकांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो. तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरा, गॉगल लावलेला, तो हाच. नावापुढे 'भाऊ'. वय सतरा. त्याला अजून मत देता येत नाही, पण जानेवारीत रॅलीतला झेंडा त्याच्याच हातात होता. फ्लेक्स कुणाचा होता हे लिहीत नाही, कारण ती तिसरी ओळ चौघांच्याही फ्लेक्सवर असते. पोरं पकडल्याची बातमी आली त्या रात्री फ्लेक्स उतरला. आम्ही अतिक्रमण विभागाकडे आधी केलेल्या तक्रारीनं तो जागचा हलला नव्हता.

आता 'हा पोलिसांचा विषय' याबद्दल.

पोलिसांनी काहीच केलं नाही असं आम्ही म्हणणार नाही. 2022 च्या अखेरीस सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोघं कोयते घेऊन रस्त्यावर नाचले, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हापासून 'कोयता गँग' हा शब्द पुण्याला चिकटलाय. पुढच्या काही दिवसांत कोयते विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यावं असं फर्मान निघालं. मोक्का लागतो, तडीपारी होते, ज्या गल्लीत तोडफोड केली तिथेच पोरांना हात जोडत फिरवलं जातं. लोक टाळ्या वाजवतात. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही बऱ्याच जणांनी वाजवल्या. पण अठराच्या आतल्या पोराला यातलं फारसं काही लागू होत नाही. बाल न्याय कायदा, 2015 नुसार त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचा निवाडा बाल न्याय मंडळापुढे. सोळा ते अठरामधल्याला प्रौढ म्हणून उभं करता येतं ते सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यातच. आणि तेही मंडळानं आधी त्याची समज तपासल्यावर. काचा फोडणं त्यात बसत नाही. म्हणजे काचा फोडणारा पोरगा घरी परत येणार, याच गल्लीत, याच चौकात. तो परत आल्यावर त्याच्याभोवती काय असेल हे पोलीस ठाण्यात ठरत नाही. मैदान, शाळा, व्यायामशाळा, अभ्यासिका, रस्त्यावरचा दिवा हे सगळं तुमच्याकडे आहे.

कायदा बदला, वय सोळावर आणा, अशी मागणी गल्लीगल्लीत आहे. आमच्यात यावर एकमत नाही. 19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये पोर्शनं दोन तरुण इंजिनिअरांना चिरडलं आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी 300 शब्दांच्या निबंधासह इतर अटींवर जामीन मिळाला, तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं काय म्हणाली ते सांगतो: 'आम्हाला कुणी निबंध देत नाही, पट्टा देतं.' या वाक्याला उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणाला जमलं नाही. कोयता धरणाऱ्याचं त्यानं समर्थन होत नाही, पण ही पोरं कायद्याकडे कशी बघतात ते कळतं.

याच कायद्यात एक कलम आहे, त्याचा उच्चार मात्र तुमच्या एकाही निवेदनात नसतो. कलम 83. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. कोयता पोराच्या हातात असतो, पण गाडीचं पेट्रोल, ठिकाण, 'तू लहान आहेस, लगेच सुटशील' हा सल्ला त्याला कुणीतरी मोठ्यानं दिलेला असतो. त्या मोठ्या माणसावर हे कलम लावा, असं निवेदन चौघांच्या सहीनं पोलीस आयुक्तांना द्याल का? तो मोठा माणूस तुमच्या परिचयाचा निघू शकतो, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच विचारतोय.

चौकीत जाणाऱ्या फोनचंही लिहिलंच पाहिजे. एखाद्या पोराला रात्री बीट मार्शलनं हटकलं, गाडीच्या डिकीत काही सापडलं, की अर्ध्या तासात 'आपलाच पोरगा आहे, समज देऊन सोडा' असा फोन येतो. पोरांमध्ये हे उघड गुपित आहे. कुणाचा फोन लवकर येतो यावर कुणाच्या मंडळात जायचं ते ठरतं. बाप कंपनीत बारा तासांच्या पाळीला, आई चार घरची धुणीभांडी करून थकलेली. अडचणीच्या वेळी धावून येणारा माणूस त्या पोरानं कोण पाहिला? भाऊ. मग भाऊच्या दहीहंडीला थर लावायचे, भाऊच्या विरोधकाचा फ्लेक्स फाडायचा, आणि एक दिवस भाऊसाठी आणखी काहीतरी. प्रत्येक नगरसेवक हे करतो असं आम्ही म्हणत नाही. पण करणाऱ्याला उरलेले तिघं काही बोलत नाहीत, हे नक्की.

नाना पेठेत 1 सप्टेंबर 2024 ला एका माजी नगरसेवकाचा भर रस्त्यात खून झाला. वर्षभरानं, 5 सप्टेंबर 2025 ला, ऐन गणपतीत, त्याचा सूड म्हणून कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाला घराच्या पार्किंगमध्ये गोळ्या घातल्या, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणातल्या आरोपींनी कोठडीतून येऊन उमेदवारी अर्ज भरले आणि यंदाच्या निवडणुकीत दोघी निवडूनही आल्या. आरोप अजून सिद्ध व्हायचेत आणि कायद्यानं निवडणूक लढवायला बंदी नाही, हे आम्हालाही कळतं. आमचा प्रश्न तिकीट देणाऱ्यांना आहे. आपल्या पोरांना हे बघून काय वाटलं असेल, याचा विचार पक्षाच्या एखाद्या तरी बैठकीत झाला का?

मधली चार वर्षं कशी गेली तेही ध्यानात आणून देतो. आधीच्या सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 ला संपली आणि पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा. अखेर सर्वोच्च न्यायालयानं मुदत घालून दिली तेव्हा कुठे मतदान झालं. तोवर प्रशासक. या काळात 2017 आणि 2021 मध्ये हद्दीत आलेली गावं रस्ता-पाण्यासाठी कुणाच्या दारात जायचं ते शोधत होती. आणि आमच्या वस्तीत जो पोरगा 2022 ला सातवीत होता, तो आज सोळा-सतराचा आहे. त्याच्या नेमक्या बिघडायच्या वयात या प्रभागाला लोकप्रतिनिधी नव्हता. होते ते 'भावी नगरसेवक', फ्लेक्सवर.

प्रभागाचं गणित तरी काय झालंय बघा. 2007 ला एकाचा प्रभाग, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा, मध्ये तिघांचा करायचं ठरलं होतं आणि आता पुन्हा चौघांचा. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला तरी एका प्रभागात सरासरी 80 हजारांहून जास्त माणसं. एवढ्या लोकांचं नाव लक्षात ठेवा असं कुणी म्हणत नाही. पण चौघांमध्ये मिळून जबाबदारी एकाचीही नाही, ही सोय कुणासाठी केली? पॅनेल निवडून आणायला चांगली असेल. मतदाराला मात्र कुणाचा कान धरायचा तेच कळत नाही.

आता शाळा. आमचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे आणि यात राजकारण फारसं नाही, म्हणून कदाचित कुणाला रस नसेल. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. महापालिकेच्या बहुतेक शाळाही आठवीपर्यंत जाऊन थांबतात. माध्यमिक शाळा मोजक्या, आणि त्या आपल्या वस्तीपासून लांब. खासगी शाळेत याच कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून गेलेल्या पोराचीही फी नववीला सुरू होते. दाखला घेतला जातो. पुढे तो कुठल्या शाळेत लागला का, हे कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीतली तोडफोडीत सापडलेली पोरं नववीत नाहीतर दहावीत सुटलेली आहेत. गॉगलवाल्याचा वर्ग आम्हाला माहीत आहे: नववी, दिवाळीपर्यंत. नंतर तो गॅरेजवर दिसायला लागला, नंतर चौकात. त्या काळात त्याच्या घरी एकही माणूस चौकशीला गेला नाही, शाळेचा नाही, पालिकेचा नाही, तुमच्यापैकीही कुणी नाही. शेवटी पोलीस गेले.

आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची यादी प्रत्येक शाळेत असते. आपल्या प्रभागातल्या शाळा किती? बोटांवर मोजता येतील. जूनमध्ये ती यादी घ्या आणि जुलैअखेर कोण कुठे लागलं नाही एवढं तपासा. याला निविदा लागत नाही, ठराव लागत नाही. आपल्या वस्तीतल्या आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई हे काम आठवड्यात करून देतील, फक्त त्यांना फुकट राबवू नका.

मैदानाचं दुखणं वेगळंच. आराखड्यात मैदानाचं आरक्षण असलेली जागा आपल्याकडे आहे. तिला कुंपण आहे, फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे. किल्ली एका मंडळाच्या अध्यक्षाकडे. तिथे लग्नं होतात, गरबा होतो, तुमचे हळदीकुंकू समारंभ होतात. फुटबॉल खेळायला गेलेल्या पोरांना 'आत गाड्या लावल्यात' म्हणून हाकलतात. शेजारची व्यायामशाळा पालिकेच्या पैशांनी बांधली, आत आरसे लावले, आणि चालवायला दिली ती अशा लोकांकडे की सरळमार्गी पोरगा तिथे पाऊल ठेवत नाही. अभ्यासिकेची पाटी दिसते, खुर्च्या मोडलेल्या दिसतात. आणि तुम्ही सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीतून बाकडी येतात! इतकी बाकडी की प्रत्येक वळणावर एक. पाठीवर तुमचं नाव. रात्री अकरानंतर त्या बाकड्यांवर कोण बसतं हे एकदा येऊन बघा. बाजूचा दिवा बहुधा बंद असतो.

पैसा नाही हे कारण कृपा करून देऊ नका. 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. वर्षअखेरीस वर्गीकरणाचे ठराव कसे भराभर मंजूर होतात, एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला कसे वळतात, हे या शहरात पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. एखादं वर्गीकरण मैदानाच्या रखवालदारासाठी आणि संध्याकाळच्या प्रशिक्षकासाठी करा. कबड्डीचा एक, फुटबॉलचा एक. आणि मुलींसाठी वेळ राखून ठेवा, कारण या सगळ्या प्रकारात आमच्या पोरींचं संध्याकाळी बाहेर पडणंच बंद झालंय आणि त्याबद्दल एकाही निवेदनात अक्षर नाही.

फ्लेक्सबद्दल फार लिहीत नाही. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा 1995 चा आहे, बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सुनावलंय, आणि फलक तुमचेच आहेत. चौघांनी एवढं तरी जाहीर करा की, अठराखालच्या एकाही मुलाचा फोटो आमच्या फलकावर दिसणार नाही. पोराला चौकात मोठं झाल्यासारखं वाटण्याचा तो पहिला दिवस असतो. दुसऱ्या दिवसापासून रील सुरू होतात.

आई-बापांचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, विचारा. रात्री दोनला पोरगा कुठे आहे हे घरच्यांना माहीत असायला हवं. आमच्यातले काही जण हे त्या घरांत जाऊन बोललेसुद्धा. एका आईनं सांगितलं, 'तुम्ही त्याला काम बघा, मी त्याला घरात ठेवते.' आम्ही काम बघतोय. अठरा पूर्ण नसलेल्या आणि नावावर गुन्हा लागलेल्या पोराला काम द्यायला कोण तयार होतं ते तुम्हीही विचारून बघा. ठेकेदार तुमच्या ओळखीचे जास्त आहेत.

शेवटची गोष्ट. महापालिका अधिनियमात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकानं मतदारांना समोर बसवून त्यांचं ऐकायचं, एवढा त्याचा सरळ अर्थ. आमच्या भागात अशी सभा झालेली जुन्या रहिवाशांनाही आठवत नाही. ती घ्या. चौघंही या, क्षेत्रीय कार्यालयाच्या साहेबांना आणा, ठाण्याच्या साहेबांनाही बोलवा. मुख्याध्यापक आम्ही आणतो. त्या दिवशी आम्हाला आठवीनंतरची यादी, मैदानाची किल्ली आणि कलम 83 चं निवेदन या तीन गोष्टींवर उत्तर हवं आहे. हो किंवा नाही, दोन्ही चालेल. 'पाठपुरावा सुरू आहे' चालणार नाही.

सभा शनिवारी संध्याकाळी सातनंतर ठेवा, रिक्षावाले आणि कंपनीतली माणसं त्याआधी मोकळी होत नाहीत. जागा म्हणून ते मैदानच धरलंय, तेव्हा फाटक तुम्हालाच उघडायला लावावं लागेल. माइक आणि सतरंज्या आमच्या सोसायटीकडे आहेत. सत्कार, शाली, नारळ काही नको.

तारीख कळवा.

आपले,
प्रभागातले मतदार